तुळशीआत्याचा विळा

अक्कलकुव्याच्या वरचा पाडा,
पौष, १९५८

ती. तुळशीआत्यास भाईदासचा वाकून नमस्कार. गुडघे कसे आहेत? म्हैस व्याली का? (शांतीलाल, आईला पत्र वाचून दाखवशील तेव्हा कंसातलं मनात वाच.) प्रमिलाताई बाळंतपणाला माहेरी, कळसाडीला तुझ्याकडे आल्याचं कळलं. तिचं पहिलं बाळ सातव्या दिवशी आखडून गेलं, तेव्हा तू म्हणालीस बाहेरची बाधा, मी म्हणालो तुझा नाळ कापायचा विळा. "बायास्ना कामात तुन्हं काय शे रे?" म्हणत तू तोच विळा घेऊन माझ्यामागे धावलीस. मी ओरडलो, माफी असावी. (माफी आवाजाची. म्हणणं तेच आहे.)

गावात म्हणतात, मी कॉलेज सोडून नर्सबाईच्या मागे डोंगरात गेलो. साफ खोटं! (जसोदाबाई कॉलेजात मदतनीस मागायला आल्या. काय बोलल्या ते आठवत नाही, हात मात्र पहिला माझा वर गेला.) त्यांची औषधाची पेटी डोक्यावर घेऊन मी पाडे चढतो. बाळंतिणीच्या झोपडीत पुरुषाला मज्जाव, म्हणून बाहेर ब्लेड उकळायचं पाणी माझ्याकडे. पहिल्याच दिवशी जसोदाबाई दारात आल्या, मी बघत राहिलो, आणि घरच्या माणसांनी पाहुण्यांसाठीच आधण ठेवलंय समजून त्यात गूळ आणि चहाची भुकटी टाकली. इथली सुईण दिवलीबाई, तुझ्याच वयाची. तिने वास घेतला आणि म्हणाली, "भाऊ, यात ब्लेड टाकू का पोराला पाजू?" पाणी पुन्हा उकळेपर्यंत आत बाळंतीण कण्हत होती. तेव्हापासून पातेल्यावरची माझी नजर हलत नाही. (जसोदाबाई समोरून गेल्या तरी.)

दिवलीबाईही आधी या उकळण्याला हसायची. तिचंही एक नातवंड तसंच सातव्या दिवशी गेलेलं. आता ती दोरासुद्धा उकळल्याशिवाय बांधत नाही, आणि पाड्यावर तिचा मान होता तसाच आहे.

तुझा भाचा,
भाईदास

ता. क. जसोदाबाईंनी गेल्या महिन्यात नंदुरबारच्या एका कंपाउंडरशी लग्न केलं. जिलेबी मीच वाढली. दुसऱ्या दिवशी पेटी उचलून पाडा चढलो. आता मी इथे कोणासाठी आहे, ते गावाने सांगावं.

दुसरा ता. क. सोबत नवं ब्लेड, दोरा आणि साबण पाठवतोय. (शांतीलाल, दाढीला घेतलंस तर याद राख.) बाळंतपण तुझ्याच हातचं होऊ दे, आत्या, फक्त विळा खुंटीवर राहू दे. (गुरुवारच्या मोटारीने येतोय. आत पाऊल टाकणार नाही, अंगणात चूल मांडून पाणी उकळत बसेन. हाकललंत तर पातेलं घेऊन परत येईन. चहा कोणी मागू नये. शांतीलाल, हे कंसात असलं तरी मोठ्याने वाच. दोनदा.)