जखमेतली सुई

बुधवार, संध्याकाळ. बमरोली

मिलमधून येताना यांच्या पोटरीला कुत्रा चावला. सासूबाई जखमेत तिखट भरणार होत्या. मी आधी ती नळाखाली साबणाने बराच वेळ धुतली आणि यांना दवाखान्यात नेलं. एवढं कसं सुचलं मला?

दंडात लस दिल्यावर डॉक्टर जखमेतही सुई टोचू लागले. हे वैतागले, "लस झाली ना?"

"लशीमुळे तुमचं शरीर प्रतिपिंडं बनवेल, पण त्याला दिवस लागतात. ही प्रयोगशाळेतली तयार प्रतिपिंडं आहेत, सगळी एकसारखी. फक्त रेबीजचा विषाणू धरतात आणि तोवर त्याला जखमेतच अडवतात."

जखमेतच. मला धीर आला. पुढच्या लशी मी चुकू देणार नाही.

घरी सासूबाई दारातच बसल्या होत्या. "वाचेल ना गं तो?"

"वाचतील," मी म्हणाले, आणि माझा आवाज जरासुद्धा कापला नाही.