बसबार माझ्या भरवशावर

३ मार्च
नव्या फीडरचं वायरिंग आज पुरं झालं. शेवटची टोकं मी स्वतः जोडली. कॉन्ट्रॅक्टरचा वायरमन म्हणत होता, साहेब, एकदा तपासून घेऊ. म्हटलं, बाबा रे, या सबस्टेशनचा इन्चार्ज मी आहे. इथे मी तपासतो, मला कोणी तपासत नाही.
चीफसाहेब लवकरच व्हिजिटला येणार. हेड ऑफिसला प्रोटेक्शन सेक्शनची जागा रिकामी आहे. ती माझीच. बायको आणि लेक तिकडे शहरात, आणि मी इथे क्वार्टरमध्ये करपलेला भात खरवडतोय. लेक शाळेत होती तेव्हापासून हेच चाललंय. आता ती कॉलेजात आहे.
संकल्प: व्हिजिट होईपर्यंत बसबारला डोळ्यात तेल घालून जपायचं.

५ मार्च
चीफसाहेबांपुढे करायचं भाषण तयार. विषय सोपा आहे. बसबार म्हणजे यार्डातल्या त्या जाड नळ्या. सगळी वीज तिथे येते आणि तिथूनच सगळ्या फीडरना, म्हणजे बाहेर जाणाऱ्या लाइनींना, वाटली जाते. आली तेवढी गेली पाहिजे. पॅनेलमधला राखणदार, म्हणजे रिले, बसल्याबसल्या सारखी बेरीज-वजाबाकी करत असतो. हिशेब जुळला नाही, म्हणजे बसबारवरच फॉल्ट. मग पापणी लवायच्या आत सगळे ब्रेकर उघडायचे, म्हणजे वीज तोडायची.
बायकोला फोनवर पूर्ण ऐकवलं. ती म्हणाली, भाषण राहू द्या, ऑर्डर आली की ती वाचून दाखवा.

६ मार्च, दुपारी
नवा फीडर चालू. पलीकडच्या नव्या कारखान्यात अजून दिवे-पंखेच फिरताहेत, भट्टी थंड आहे. पॅनेलवर एक पिवळा दिवा लागलाय. बल्ब खराब. बदलला. नवाही खराब निघाला, लागलेलाच राहतो. हल्ली मालच असला येतो.

८ मार्च
टेस्टिंगच्या बाई आल्या. मीटर लावलं, तोंड बारीक केलं. म्हणाल्या, नव्या फीडरचा करंट मोजणारा सीटी आहे, त्याच्या वायरी उलट्या लागल्यात. बाहेर जाणारा करंट रिलेला आत येणारा वाटतोय. कारखान्याचा लोड वाढला की सगळा बसबार बंद पडेल.
सर्व्हिस किती झाली, विचारलं. तीन वर्षं, म्हणाल्या. मी हसलो. वडीलधाऱ्यासारखा.
वायरी बदलायला तासभर बसबारचं प्रोटेक्शन बंद ठेवू द्या म्हणाल्या. तासभर! बसबार उघडा टाकून! आणि व्हिजिट तोंडावर! साफ नाही म्हटलं. रिपोर्ट ठेवून गेल्या. त्यावर ‘पाहिले’ म्हणून सही केली. वाचायला सवड कोणाला आहे?

९ मार्च
भयंकर शोध! मॅन्युअल चाळताना कळलं की तो पिवळा दिवा लागला की रिले आपणहून प्रोटेक्शन बाजूला काढतो. का, तर हिशेबात थोडी गडबड दिसते, उगाच सगळं बंद पडायला नको. म्हणजे मी जागा आणि राखणदार पांघरूण घेऊन घोरतोय! चीफसाहेबांच्या नजरेला पडलं असतं तर?
त्या दिव्याच्या सर्किटची वायरच काढून टाकली. दिवा विझला. प्रोटेक्शन ठणठणीत जागं.
ऑपरेटर म्हणाला, साहेब, बाईंना एक फोन करू का? म्हटलं, दुखणं गेल्यावर डॉक्टर कशाला?

११ मार्च
आवराआवर. खाट वॉचमनला देऊन टाकली, टेबल ऑपरेटरला. दोघांनी विचारलं, ऑर्डर आली का? लोकांना धीर म्हणून नसतो.
लेकीचा फोन. तिने माझ्यासाठी अर्धं कपाट रिकामं केलंय. म्हणाली, बाबा, या वेळी नक्की ना? मागच्यासारखं नको. नक्की, म्हटलं. लगेच फोन ठेवला आणि नाक शिंकरलं. सर्दी झाली असावी.

१४ मार्च, सकाळी
आज व्हिजिट. बूट पॉलिश केले. कल्पना माझीच: चीफसाहेबांनी आमच्या कंट्रोल रूममधून फोन करायचा आणि त्या शब्दावर कारखान्याने भट्टी सुरू करायची. छाप पडलीच पाहिजे.

१४ मार्च, रात्री
छाप पडली.
साहेबांनी फोन केला. मी भाषण सुरू केलं. ‘हिशेब जुळला नाही, तर’ इथपर्यंत आलो आणि बाहेर धाडधाड सगळे ब्रेकर उघडले. पंखा थांबला. अख्ख्या गावाची वीज गेली. साहेबांनी विचारलं, हे काय झालं? मी म्हटलं, सर, बघा, प्रोटेक्शन किती तत्पर आहे.
साहेब हसले नाहीत.
फॉल्ट कुठेच सापडला नाही. टेस्टिंगच्या बाई आल्या, उलट्या वायरी सुलट्या केल्या, वीज आली. मग त्यांनी दुसरी, सुटी वायर दाखवली. साहेबांनी विचारलं, ही कोणी काढली? ऑपरेटर माझ्याकडे बघत राहिला. इतक्या वर्षांची सोबत, पण वेळेला कोणी कामाला येत नाही. वर जाताजाता सांगतो कसा, दवाखान्याचा जनरेटर लगेच सुरू झाला म्हणून बरं, ऑपरेशन चालू होतं.
रात्री जेवण गेलं नाही.

१५ मार्च
शांतपणे विचार केला. रिले बरोबरच चालला. मीही बरोबरच होतो. वायरींनी घात केला.

१८ मार्च
हेड ऑफिसची ऑर्डर आली! लगेच बायकोला फोन लावून वाचून दाखवली. ‘हेड ऑफिस येथे हजर राहावे’ इथे ती चक्क हो का म्हणाली. आवाज किती दिवसांनी असा ऐकला. ‘चौकशी समितीसमोर’ हे मी जरा भरभर वाचलं. ती म्हणाली, पुन्हा वाचा. पुन्हा वाचलं.
सेक्शनची जागा टेस्टिंगच्या बाईंना दिली, हेही सांगून टाकलं. कुठूनतरी कळलंच असतं.
तिने समितीची वेळ विचारून घेतली. मग विचारलं, दुपारी जेवायला घरी याल का? समितीने वेळेत सोडलं तर येईन, म्हटलं.
मागून लेकीने फोन ओढून घेतला. बाबा, येताय ना, एवढंच विचारलं. हो, म्हटलं. ती आनंदाने ओरडलीच. परतीची गाडी त्याच संध्याकाळची आहे. ते तिला तिच्या आईनेच सांगावं.