खंडेनवमीला झोपवलेली यंत्रं

३० सप्टेंबर, मंगळवार

उद्या खंडेनवमी. बाळाशेठनी (यापुढे बा.शे.) आल्या आल्या फर्मान काढलं: गेल्या वर्षी पूजा घाईत उरकली, यंदा थाटात. मालकच ते, कोण काय बोलणार. त्यांचे वडील उरणला बोटींची इंजिनं दुरुस्त करायचे. खंडेनवमीला सगळी इंजिनं बंद, धुऊन-पुसून हळदकुंकू, दिवसभर कुणी हात लावायचा नाही. इथे पनवेलच्या ऑफिसात इंजिन नाही, गार खोलीतली यंत्रांची दोन कपाटं आहेत. पण बा.शें.च्या लेखी फरक नाही. "वरीसभर राबतात ती, एक दिस निजू देत."

नोटीस मी लिहिली. उद्या ९ ते २ सेवा बंद, क्षमस्व वगैरे. सगळ्या ग्राहकांना गेली. इन्शुरन्समधली इतकी वर्षं फुकट नाही गेली, क्षमस्व लिहिण्यात माझा हात कुणी धरणार नाही.

सासूबाईंनी आज परत विचारलं, तुमची कंपनी नेमकं करते काय. वेबसाइटच्या नावात शेवटच्या टिंबापुढे जे शेपूट असतं ना, तसलं एक शेपूट आमच्याकडे आहे, म्हटलं. त्या शेपटाखाली कुठलं नाव कुणाचं ते आम्ही लिहून ठेवतो, आणि कुणी विचारलं की त्याचा पत्ता सांगतो. "म्हणजे तलाठी." हो, म्हणजे तलाठीच.

सलीमने (यंत्रं तोच बघतो) खात्री दिली आहे. उद्या फक्त नवीन नावं नोंदवणं बंद राहील. पत्ते सांगायला पुण्याचं भाड्याचं मशीन चालूच आहे. "मॅडम, बेफिकीर राहा. पुणं जागं असतं."

१ ऑक्टो., खंडेनवमी

लिहायची इच्छा नाही. तरी लिहिते.

पूजा देखणी झाली. पाटावर बा.शें.च्या वडिलांचे जुने पाने, सलीमचे स्क्रूड्रायव्हर, आणि सगळ्यांचे मोबाइल. हत्यार ते हत्यार. बा.शें.नी ऑफिसचा आणीबाणीचा फोनसुद्धा ठेवायला लावला. त्यावर झेंडू. आरतीत वाजायला नको म्हणून आवाज बंद. मग पुरणपोळ्या. कुणालाच घाई नव्हती, नोटीस दोनपर्यंतची होती ना. कपाटं चालू केली तेव्हा एक वाजून गेला होता.

फोनवरचं कुंकू पुसलं तर पडदाभर परदेशी नंबराचे मिस्ड कॉल. एकाखाली एक.

सलीम खुर्चीत बसला तो उठेचना. शेवटी सांगितलं. पुण्याचं मशीन दिवसभर उत्तरं देत होतं, पण कुणी ती मानत नव्हतं. प्रत्येक उत्तरावर एक शिक्का असतो, तो पनवेलचं मशीन ताजा करत राहतं. पनवेल झोपलेलं. नऊनंतर थोड्याच वेळात शिक्का शिळा झाला आणि जगाने आमचं प्रत्येक उत्तर खोटं म्हणून फेकून दिलं. दरवर्षी अर्ध्या तासात पूजा व्हायची, म्हणून हे कधी कळलंच नाही.

म्हणजे अख्खं शेपूट नाहीसं झालं होतं. शाळा, दवाखाने, मंगल कार्यालयं, सगळं. आणि आम्ही दुसरी पोळी घेत होतो. मी तर तिसरी.

२ ऑक्टो., दसरा

सोनं वाटून झाल्यावर ऑफिसला गेले. सुट्टी असून. करार काढला. ज्या बाहेरच्या कार्यालयाने (मिस्ड कॉल त्यांचेच) आम्हाला हे शेपूट सांभाळायला दिलंय, त्यांच्याशी झालेला. सहा महिन्यांपूर्वी रुजू झाले तेव्हा वरवर चाळला होता. शेवटच्या परिशिष्टापर्यंत गेलेच नव्हते.

तिथे लिहिलंय की ठरवून केलेल्या बंदसाठी कसलीही सूट नाही. देखभाल असो की बिघाड, बंद म्हणजे बंद, आणि तो मोजला जाणार.

चष्मा पुसून परत वाचलं. तेच.

नोंदणी महिन्यात काही तास बंद राहिली तर चालते. पत्ते सांगणं मात्र किती मिनिटं बंद चालेल? शून्य. अहो शून्य काय! देवळाचा गाभारासुद्धा दुपारी बंद होतो, देव जेवतो, आडवा होतो. आणि पुढे त्याहून वाईट. कुठल्याही सलग सात दिवसांत पत्ते सांगणं किंवा शिक्का, दोन्हींपैकी एक जरी एकूण चार तास बंद पडलं की शेपूट आमच्या हातून काढून त्यांच्या आणीबाणीच्या रखवालदाराकडे देता येतं.

आमचा आकडा साडेतीन तासांच्या वर गेलाय. सलीम म्हणतो वीसेक मिनिटं उरली असतील. पुढच्या बुधवारी दुपारपर्यंत तेवढ्यातच भागवायचं.

बा.शें.ना फोन केला. परिशिष्टात काय आहे ते सांगितलं. मग,
"पन ताई, आपन सांगून बंद केला व्हता ना?"

मलाही कालपर्यंत तेच वाटत होतं. सुकापूरला शुक्रवारी पाणी नाही अशी पाटी लागली की आपण पिंप भरतो, शिव्या देत नाही. सांगितलं की दोष फिटला. आपला सगळा कारभार याच्यावर चाललाय. आणि तिकडे लांब कुठे तरी बसून मोजणाऱ्या यंत्राला आमचं क्षमस्व वाचताच येत नाही.

दसऱ्याची साडी तशीच अंगावर, हे आठनंतर लक्षात आलं.

३ ऑक्टो., शुक्रवार

बाहेरच्या कार्यालयाची मेल. सेवा का बंद पडली ते कळवा.

बा.शे. म्हणाले, "लाइट गेली व्हती, असा लिवा."

मी परिशिष्ट समोर ठेवून मराठीत समजावलं. लाइट गेली काय, पूजा केली काय, मिनिट एकही कमी होत नाही.

"म्हंजी खोटा बोलून पन फायदा नाय?"
"नाही."
"मंग खराच लिवा."

कारणाच्या जागी मी इंग्रजीत 'यंत्रांची वार्षिक पूजा' असं टाइप केलं आणि त्याच्याकडे बघत बसले. आधी हसू आलं. मग एकदम रडू. सलीमने न विचारता चहा आणून ठेवला.

शेपूट गेलं तर बा.शे. संपले. उरणजवळची वडिलार्जित शेती या कपाटांत घातली आहे त्यांनी. भाऊबंद अजून हसतात, जमीन देऊन टिंब घेतलं म्हणून.

४ ऑक्टो., शनिवार

आज यमुनाआक्का आली. बा.शें.ची थोरली बहीण, उरणला मासळीचा धंदा. सुनेने साइट काढून दिलीय, ऑर्डर त्यावर येतात. नाव आमच्याच शेपटाखालचं, भावाने भाऊबीजेला ओवाळणीत घातलेलं.

चपला न काढता सरळ आत.

"नारल फोरलास देवाला, आन् धंदा फोरलास माजा!"

नऊ दिवस घरोघरी मासळी बंद. सगळी गिऱ्हाइकं दसऱ्याची ऑर्डर नवमीला सकाळी टाकतात. हिने आदल्या दिवशीच बर्फ भरला, पापलेट-सुरमई घेऊन ठेवली. नवमीला साइट उघडेना. लोकांना वाटलं हिने धंदा बंद केला, ते दुसरीकडे गेले. निम्मी मासळी वाटून टाकावी लागली.

बा.शे. पुटपुटले, "आक्का, नोटीस पाटवली व्हती तुला."

"मला पाटवलीस. माज्या गिऱ्हाइकाना पाटवलीस काय?"

माझ्या डोक्यात लख्ख झालं आणि लाजही वाटली. नोटीस आम्ही नावाच्या मालकाला दिली. त्याच्याकडे येणाऱ्याला कुणी सांगितलं? त्याला आमचं नावही माहीत नाही. तो दार ठोठावतो, दार नसतं, निघून जातो.

आक्का चहा न घेता गेली. बा.शे. तिला रिक्षापर्यंत सोडायला गेले ते तासाभराने आले. कुठे होता, विचारलं नाही.

६ ऑक्टो., सोमवार, कोजागिरी

बाहेरच्या कार्यालयाचं उत्तर. पूजेबद्दल चकार शब्द नाही, चिडचिडही नाही. रागावले असते तर बरं वाटलं असतं. फक्त एक हमी हवी आहे: या कारणासाठी यंत्रं पुन्हा कधीही बंद ठेवली जाणार नाहीत. मालकाची सही, बुधवार संध्याकाळपर्यंत.

सही हा पाच सेकंदांचा मामला, असं मला वाटलं होतं. बा.शें.नी कागद वाचायला लावला, ऐकला, उलटा ठेवला.

"कदीच नाय म्हंजी?"
"कधीच नाही."
"मी मेल्यावर पन?"
"शेठ, काहीतरीच काय."
"नाय, इचारतो."

सलीमने समजूत घातली, की एक झोपेल तेव्हा दुसरं जागं ठेवू, शिक्क्याचीही दुसरी सोय करू, पूजा पाळीपाळीने होईल. पटण्यासारखं आहे. पण तशी सोय उभी करायला वेळ लागणार, आणि कागदावर पाळी-बिळी काही नाही. कागदावर 'कधीही' आहे.

घरी गच्चीवर दूध. हे विचारत होते, चेहरा का असा. सांगितलं. "पूजेसाठी बंद केलं? मग त्यात काय एवढं? सांगून केलं ना?"

उठून खाली आले.

७ ऑक्टो., मंगळवार

सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज: उद्या देखभालीसाठी सकाळी ८ पासून वीज बंद, नागरिकांनी सहकार्य करावे. ऑफिसच्या भागातही तेच. बघून मी ओरडलेच. मुलगी धावत आली.

वीस मिनिटं, त्यात हे. सांगून. क्षमस्वसकट.

वीज कार्यालयात फोन केला, उद्याचं पुढे ढकला म्हणून. पलीकडचे साहेब गोड बोलले. "मॅडम, आधी कळवलंय ना आम्ही?" माझंच वाक्य मला परत मिळालं.

सलीमने दिवसभर जनरेटर चालवून बघितला. चालतो. वीज गेल्यापासून तो भार घेईपर्यंत मधला वेळ बॅटऱ्यांवर काढायचा. त्या जुन्या आहेत, पण निभावतील म्हणतो. या वेळी 'बेफिकीर राहा' म्हणाला नाही. नव्या मिळाल्या तरी त्या बसवायला आजच मशीन थांबवावं लागेल. नकोच.

संध्याकाळी निघताना गार खोलीत डोकावले तर बा.शे. आत एकटेच. कपाटावर अजून झेंडूची सुकलेली माळ. एका हातात वडिलांचा पाना, दुसऱ्यात तो कागद. सही नाही.

मी म्हटलं, शेठ, उद्याच द्यायचाय.

ते कपाटाकडेच बघत म्हणाले, "बोट दर्यात असली का बाबा कदी इंजन बंद करत नसत. कवरा पन सन असू दे. पूजा धक्क्यावर, बोट लागल्यावर."

मला हायसं वाटलं. म्हटलं सुटलं एकदाचं, आता करतील सही. पेन पुढे केलं.

पेन घेतलं त्यांनी. मग माझ्याकडे वळून लहान मुलासारखं विचारलं,

"ताई, हिचा धक्का कुटं हाय?"

आत पंख्यांचा आवाज चालू होता. सलीम बाहेर डिझेलचा कॅन ठेवत होता. बा.शें.नी माळ अलगद काढली, खिशात घातली, कागद आणि पेन कपाटावर ठेवलं आणि खुर्ची ओढून तिथेच बसले.

उद्या सातला पोचायचं. डबा दोघांचा जास्त घ्यायचा.