बॅग उघडण्याआधी

गुरुवार, १६ ऑक्टोबर
दुपारी, जेवणानंतर

प्रिय सूनबाई,

तुला आणि छोटीला भरभरून आशीर्वाद. मी सुखरूप पोचले. शेजारणीने कुंड्यांना पाणी घातलं होतं, जरा जास्तच. बाकी घर जागच्या जागी आहे.

पत्राला तीन दिवस उशीर झाला. आमच्या कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टरांनी चौथीत लावलेली सवय तुला ठाऊकच आहे: पाहुणचार घेऊन घरी आलं की बॅग उघडण्याआधी आभाराचं पत्र लिहायचं. नऊ वर्षांत तुला अशी किती आली असतील! तुझा नवरा चिडवतो, "आई, फोनवर थँक्यू म्हण की, सरकारी टपाल कसलं पाठवतेस?" या वेळी बॅग अजून कोपऱ्यात बंद आहे आणि मी तीन दिवस दोन साड्यांवर काढले आहेत.

छोटीने माझ्या केसांना लावलेल्या पाच पिना मी विमानातून तशाच मिरवत आणल्या. तिला सांग.

तुमचा विमानतळ मला पहिल्यापासून आवडतो. मोठ्या शहरातल्यासारखी पायपीट नाही, की एसटी स्टँडसारखी झुंबड नाही. दारातून सरळ चाळीस पावलं, की काउंटर. तपासणी झाली, की उजवीकडे जिना. वर कॉफीचा वास, आणि वासाच्या पुढे दोन नंबरचं गेट. तिथे एक बाई गोड आवाजात विमानं पुकारायची. फलक वाचायची मला कधी गरजच पडायची नाही.

मंगळवारी पहिल्यांदा लिहायला घेतलं, तेव्हा याच वाक्यावर मी पेन खाली ठेवलं. खरं असं, की गेलं दीड वर्ष मला ते फलक वाचताच येत नाहीत. डोळ्यांचा पडदा झिजतो आहे. माणसाच्या कडा दिसतात, मधला चेहरा दिसत नाही. इथल्या डॉक्टरांनी तेव्हाच मोठ्या रुग्णालयात दाखवायला सांगितलं होतं. मी घरी येऊन चिठ्ठी कपाटात ठेवली. तुझ्या नवऱ्याला कळलं, की तो दुसऱ्या दिवशी येऊन माझ्या घराला कुलूप लावील, ही भीती. प्रेमानेच लावील, म्हणून जास्त भीती.

सोमवारी विमानतळाच्या दारात तू विचारलंस, "आई, व्हीलचेअर सांगू का?" मी फटकन म्हणाले, "पाय शाबूत आहेत माझे." पाय शाबूत आहेत, हे खोटं नव्हतं. घडी घातलेला एक कागद माझ्या हातात कोंबलास. औषधांची यादी असेल समजून मी तो पर्समध्ये टाकला.

चाळीस पावलं चालले. समोर भिंत. गेल्या खेपेनंतर त्यांनी सगळं पाडून नवं केलं होतं. विचारत, लोकांच्या मागे जात वर पोचले, तर कॉफीचा वास भलतीकडेच. तरी गुडघ्यांच्या आठवणीने दोन नंबरच्या गेटपाशी जाऊन बसले. केवढी शांतता! मनात म्हटलं, वा, किती सुधारणा. पंधरा मिनिटं झाली, अर्धा तास झाला. कोणी पुकारेना. समोर निळ्या गणवेशातली मुलगी हात जोडून उभी दिसली. "एक्स्क्यूज मी, बाळ," मी म्हटलं, "माझं विमान लागलं का?" उत्तर नाही. पुन्हा विचारलं. मग मी तिला चांगलं सुनावलं, की वडीलधाऱ्यांशी असं वागणं तुझ्या आईने शिकवलं का?

मागून फरशी पुसणाऱ्या बाई म्हणाल्या, "काकू, ती पुठ्ठ्याची हाय. जाहिरातीची."

सूनबाई, मी हसले नाही. रडूच आलं.

त्या बाईंनी मॉप भिंतीला टेकवला. "हे गेट बंद झालं की. आणि आता पुकारत नाहीत, सगळं पाटीवर असतं. तुमचं विमान कुठलं?" बोर्डिंग पासवरचं मला वाचता येईना आणि त्यांना सांगवेना. रुमाल शोधायला पर्स उघडली, तर तुझा कागद हाताला लागला. जाड काळ्या मार्करची बोटाएवढी अक्षरं. ती मला दिसली! दीड वर्षात पहिल्यांदा कुणीतरी माझ्यासाठी लिहिलं होतं:

"आई, दोन नंबर बंद आहे. गेट पाच. जिन्याच्या डावीकडे. आता पुकारत नाहीत. मागच्या पत्रात तुम्ही दोन ओळी एकमेकींवर लिहिल्या होत्या. मी ह्यांना दाखवलं नाही. तुम्हीच सांगा, तुम्हाला वाटेल तेव्हा."

मागचं पत्र एप्रिलमधलं. म्हणजे तेव्हापासून तुला माहीत होतं. माझ्या सुंदर अक्षराचा मला केवढा ताठा, आणि त्यानेच माझी चुगली केली.

पुसणाऱ्या बाई मला दंडाला धरून पाच नंबरपर्यंत घेऊन गेल्या, अगदी दाराशी. शेवटचे दोघंच उरले होते. आभार मानले तर म्हणाल्या, "मला कशाला? ज्यांनी एवढं मोठं लिहिलंय त्यांना सांगा."

म्हणून सांगते. इतक्या वर्षांत तुला मी आभाराची पत्रं लिहिली ती रीत म्हणून. हे पहिलं आहे, जे लिहिल्याशिवाय मला राहवलं नाही. तू जाणलंस, गप्प राहिलीस, आणि सांगायचं माझ्यावर सोडलंस. माझ्या पोटच्या मुलाकडूनही मी एवढ्या समजुतीची आशा केली नव्हती.

पत्र मार्करने लिहिलं आहे, म्हणून अकरा कागद झाले. पाकीट फुगलं तर फुगू दे. रात्री जेवताना हे त्याला वाचून दाखव. पुठ्ठ्याच्या मुलीचं तेवढं गाळ. तो चिडला, तर चिडू दे. घराचं काय करायचं ते तिघांनी बसून ठरवू, पण कुलपाची घाई नको म्हणावं. तुमच्याकडच्या मोठ्या रुग्णालयाची तारीख तू घे. त्या दिवशी माझ्यासोबत तूच यावंस, असं मला वाटतं. आणि मी येईन तेव्हा विमानतळावर व्हीलचेअर सांगून ठेव. मी बसेन.

आता बॅग उघडते.

तुझी,
आई