खातेदार हयात, समक्ष भेट झाली

मी, पीक अनुदान कार्यालयाचा निवृत्त निरीक्षक, वय चौऱ्याहत्तर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, कोणाच्याही दडपणाविना लिहीत आहे. माझी बुद्धी ठिकाणावर असल्याचे डॉक्टरीणबाईंनी लेखी दिले आहे. झोपेबद्दल त्यांनी विचारले नाही, मीही सांगितले नाही.

१. राहते घर पत्नीला, तिच्या पश्चात मुलीला. मुलाने फ्लॅट घेताना आपला वाटा आधीच उचलला आहे. त्याने तोंड वाकडे करू नये.

२. मोजणीचा टेप आणि सायकल शेजारच्या गवंड्याला. धाकट्या मेहुण्याला काहीही नाही. माझ्या लग्नात रुसून बसला तो अजून उठलेला नाही, बसू दे.

३. माझ्या हद्दीत जवस पिकवणारे एक गृहस्थ होते. पंप दुरुस्त करताना कोसळले आणि जागीच गेले. अंत्ययात्रेत मी स्वतः चाललो. महिन्याभराने पाहणीला गेलो, तेव्हा त्यांची बायको म्हणाली, “भाऊ, उताऱ्यावरचं नाव बदलायला दोन वर्षं लागतात म्हणे. तोवर अनुदान बंद. मी अजून कुठे नोंद केलेली नाही. यंदापुरतं लिहा ना, ते आहेत म्हणून.”

मी लिहिले : ‘खातेदार हयात. समक्ष भेट झाली.’

यंदापुरतेची नऊ वर्षे झाली. दर वर्षी त्यांची खुर्ची पुसून ठेवलेली असे, दाराशी त्यांचे बूट. आधी आम्ही दोघेही तिकडे बघणे टाळायचो. पुढे बाई सहज बोलू लागल्या, “त्यांना यंदाचं पीक बरं वाटतंय.” पाचव्या वर्षी निघताना मी त्या खुर्चीकडे बघून मान लववली. ते नाटक नव्हते.

दहाव्या वर्षी गेलो तर घराला कुलूप. बाई उन्हाळ्यातच वारल्याचे शेजाऱ्याने सांगितले. मी बांधावर उभ्यानेच अर्ज भरला आणि हाताने आपोआप लिहिले : ‘समक्ष भेट झाली.’ या वेळी कोणी मागितले नव्हते. खोडायला गेलो, तर बंद घरातून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मी खोडले नाही.

त्या हिवाळ्यात त्यांची एकुलती एक मुलगी कार्यालयात आली. ती कारखान्यात पोती शिवायची, बोटे चिरलेली. शेत तिला स्वतः कसायचे होते. “बाबा जाऊन दहा वर्षं झाली, साहेब. तेवढं लिहून द्या.”

फाईल उघडली. सगळीकडे माझेच अक्षर. खरे लिहावे तर नोकरी जाणार, कदाचित तुरुंगही. मी म्हणालो, “नोंदीप्रमाणे ते हयात आहेत, बाई. मी स्वतः भेटलोय.”

ती भांडली नाही. जरा पुढे सरकून हळूच विचारले, “कसे आहेत?”

मी म्हणालो, “बरे आहेत.”

त्याला सतरा वर्षे झाली. शेत पडीक आहे, ती अजून पोती शिवते. आणि मी डोळे मिटले की कोणीतरी विचारते, कसे आहेत.

४. सबब मी जाहीर करतो की सदर खातेदार सत्तावीस वर्षांपूर्वीच मरण पावले असून त्यानंतरच्या माझ्या सर्व नोंदी खोट्या आहेत. शेताची वारस त्यांची मुलगी. दाव्याचा खर्च माझ्या बँकेतल्या ठेवीतून व्हावा.

हा मसुदा पत्नीने वाचला. म्हणाली, “हे तुम्ही गेल्यावर उघडणार ना? मग तोवर तिने काय तुमच्या मरणाची वाट बघायची?”

म्हणून कलम चार माझ्या मृत्यूसाठी थांबणार नाही. उद्या सकाळी ते शपथेवर नोंदवून, ठेव मोडून, दोन्ही मी खातेदारांच्या मुलीच्या हाती देईन. पुढे कार्यालयाला माझे जे करायचे ते करू दे. पत्नी सोबत येते आहे.

ठिकाण : आमचे स्वयंपाकघर. दिनांक : ९ नोव्हेंबर, सोमवार.

लिहून ठेवणार : निवृत्त निरीक्षक (सही)

साक्षीदार पहिल्या : डॉक्टरीणबाई (सही)

साक्षीदार दुसरा : कार्यालयातला माझा जुना शिपाई (सही). सही करण्याआधी त्याने पेन हातात धरून विचारले, “म्हणजे, साहेब, ते गेलेत?” मी म्हणालो, “हो. गेले.” हे मी आज पहिल्यांदा मोठ्याने बोललो.