खोटा मेल मी लांबूनच ओळखतो

४ जून, सकाळ
आज एक खोटा मेल पकडला. चहा निवायच्या आत.
बायकोचा पडदे शिवायचा धंदा आहे. ऑर्डरी ऑनलाइन, पैसेही ऑनलाइन पेमेंट सर्व्हिसच्या खात्यात. ती शिवते, मी कॉम्प्युटर बघतो. कारखान्याच्या स्टोअरमधून रिटायर झाल्यापासून हा विभाग माझ्याकडे आहे. विभागात मी एकटाच.
मेल त्याच पेमेंट सर्व्हिसच्या नावाने. तुमच्या खात्यातून महागडा कॅमेरा घेतला गेला आहे, व्यवहार तुमचा नसेल तर ताबडतोब खालच्या नंबरवर कळवा. लोगो बरोबर, रंग बरोबर. पण सुरुवात ‘प्रिय ग्राहक’! खरी कंपनी नाव घालून लिहिते. पाठवणाऱ्याच्या पत्त्यात एक अक्षर जादा. दुसरा कोणी असता तर हमखास फसला असता.
मी ताबडतोब खालच्या नंबरवर कळवलं, की तुमच्या नावाने असले खोटे मेल फिरतायत.

४ जून, संध्याकाळ
फोनवरचे साहेब फार सज्जन निघाले. सुरक्षा विभाग. म्हणाले, लोक घाबरून फोन करतात. मेल खोटा आहे हे ओळखून फोन करणारे तुम्ही पहिलेच. कौतुक ऐकायची सवयच मोडली होती.
कोणाचा फोन, असं बायकोने विचारलं. म्हटलं, ऑफिशियल.

६ जून
साहेबांचा पुन्हा फोन. टोळी पकडायला माझी मदत हवी आहे. ‘दक्ष ग्राहक’ नावाची योजना आहे. गुप्त. घरातही बोलायचं नाही. मोबाइलवर कोड येतील, ते फक्त त्यांना वाचून दाखवायचे.
मी काही बावळट नाही. कोड कोणालाही सांगू नये असं मेसेजमध्येच लिहिलेलं असतं, हे मी त्यांच्या नजरेला आणून दिलं. ते म्हणाले, अगदी बरोबर, परक्याला सांगायचाच नाही.
पटलं.

९ जून
लेकीचा फोन. ती परगावी नोकरी करते. बाबा, कुठल्याही लिंकवर क्लिक करू नका, म्हणाली. हसू आलं. 
साहेबांनी एक अॅप टाकायला सांगितलं. त्यामुळे आमचा स्क्रीन त्यांना तिकडे दिसतो. टाकलं. थोड्या वेळाने, माउसला माझा हात नसताना, बाण हलला. सावकाश. घरात नवा माणूस आल्यावर इकडेतिकडे बघतो तसा. बायकोच्या गिऱ्हाइकांची फाइल उघडली, जरा वेळ तशीच राहिली, बंद झाली. मी खुर्ची मागे सरकवली.
मग लक्षात आलं. तपास सुरू आहे.

११ जून
साहेबांनी बोलता बोलता विचारलं, तुमच्या मागचे निळे पडदे मॅडमनीच शिवलेत का? छान आहेत म्हणाले.
मी त्यांना पडद्यांचं काही सांगितलं नव्हतं. कॉम्प्युटरच्या वरच्या कडेला, कॅमेऱ्याशेजारी, बारीक हिरवा दिवा लागलेला दिसला. हा एरवी लागत नाही. मी विचारलं तर ते हसले. लक्ष ठेवावं लागतं सर, म्हणाले.
त्या दिव्यावर चिकटपट्टी लावावी असं मनात आलं. पण साहेबांना काय वाटेल? लावली नाही. केस विंचरून बसलो.

१३ जून
पेमेंट सर्व्हिसचा मेल. आपल्या खात्यात नव्या कॉम्प्युटरवरून प्रवेश झाला आहे, पैसे जमा होण्याचं बँक खातंही बदललं आहे. हे आपण केलं नसेल तर नेहमीच्या अॅपमध्ये जाऊन पासवर्ड बदला. माझं नाव अचूक. पत्ता अचूक. फोन नंबर नाही, लिंक नाही. कसून तपासलं, एकही चूक सापडली नाही.
तिथेच संशय आला. इतकं बिनचूक कोण लिहितं?
साहेबांना विचारलं. ते म्हणाले, टोळी सुधारली आहे, डिलीट करा. केला. दुपारी तसेच आणखी आले. तेही केले.
तळमजल्यावरच्या बाईंनाही योजनेत घेतलं. शाळेतून रिटायर झालेल्या, एकट्या. डोळ्याचं ऑपरेशन करायचंय, त्याचे पैसे बाजूला ठेवलेत. एकट्या माणसांवर टोळीचा डोळा असतो, असं साहेबच म्हणाले होते. बाईंच्या मोबाइलवर ते अॅप मी स्वतः टाकून दिलं. त्या म्हणाल्या, मला यातलं ओ की ठो कळत नाही, पण तुम्ही आहात ना.
आहेच.

१६ जून
बायकोने विचारलं, गिऱ्हाइकांचे पैसे खात्यात का दिसत नाहीत? कापडवाला तगादा लावतोय. म्हटलं, सुरक्षेसाठी थांबवलेत. कोणी? म्हटलं, आमच्या विभागाने.
तिने मशीन थांबवलं. ते थांबलं की घर इतकं गप्प होतं, हे आजवर लक्षात आलं नव्हतं.
तेवढ्यात एका गिऱ्हाइकाचा फोन. तुमचा मेल आला तसा नव्या खात्यावर अॅडव्हान्स भरला, पडदे कधी देताय? मी असा मेल पाठवलेला नाही. त्यांनी वाचून दाखवला. भाषा माझी. शेवटी ‘आपला नम्र’, तेही माझंच.
साहेबांना फोन लावला. उचलला नाही. मीटिंगमध्ये असतील.

१७ जून
लेक सकाळीच येऊन धडकली. आईने बोलावलं. माझ्याशी न बोलता तिने कॉम्प्युटरची वायर उपटली. पेमेंट सर्व्हिसच्या खऱ्या हेल्पलाइनवर कळलं, खातं रिकामं आहे.
पोलीस चौकी. मेल खोटा आहे हे तुम्हाला कळलं होतं का, असं त्यांनी विचारलं. म्हटलं, बघताक्षणी. त्यांनी लिहायचं थांबवलं. मग त्यातल्याच नंबरवर फोन कशाला केलात? म्हटलं, तक्रार करायला. बायको भिंतीकडे बघत बसली होती.
परत येताना लेकीने विचारलं, बाबा, आणखी कोणाला यात ओढलं नाहीत ना? नाही म्हटलं.
बाईंना मीच नीट समजावून सांगणार आहे. आज नको. दमलेल्या असतील.

१८ जून
नाश्ता न करता खाली गेलो. बाईंचं दार उघडंच. त्या फोनवर होत्या. चष्मा नाकावर, मुलांना शुद्धलेखन घालावं तसा एकेक आकडा ठासून वाचत होत्या. मी म्हटलं, बाई, फोन ठेवा. त्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि मला खुर्ची दाखवली.
मी बसलो.
फोन ठेवून हसल्या. तुमचे साहेबच होते, म्हणाल्या. त्यांनी तुमचं नाव सांगितलं म्हणून तर मी बोलले, एरवी मी कोणाला काही सांगत नाही. ऑपरेशनचे पैसे सुरक्षित खात्यात हलवून दिले त्यांनी. फार मार्दवाने बोलतात हो. चहा टाकते.
आत गेल्या. गॅस पेटल्याचा आवाज आला. साखर किती, असं आतूनच विचारलं.
म्हटलं, बाई, चहा राहू द्या. जरा बाहेर येऊन बसा.
त्या हात पुसत आल्या. अजून हसतच होत्या.