पाहुण्यांच्या श्वासाने उतरलेला पीएच

आदरणीय दाजी यांस,

आष्ट्याहून विश्वजितचा नमस्कार. तुमची पाठ आता बरी असेल आणि ताईला जोधपूरचं पाणी मानवलं असेल, अशी आशा करतो. इकडे आई, दोन्ही म्हशी आणि तुमची प्रवाळं ठीक आहेत. (मी ठीक आहे की नाही ते पुढे येईलच.) फोनवर सांगायला घेतलं की ताई हसायला लागते आणि मुद्दा राहून जातो, म्हणून लिहितो.

बदलीच्या वेळी तुम्ही ती खाऱ्या पाण्याची टाकी आमच्या सोप्यात ठेवून गेलात आणि म्हणालात, "फक्त पीएच आणि अल्कलिनिटी हलू देऊ नकोस, नाहीतर प्रवाळं मरतील." मी बारावीला रसायनशास्त्रातच राहिलो, हे तुम्हाला ठाऊक होतं. ज्या विषयाने मला घरी बसवलं, तोच आता घरात येऊन बसला आहे. सकाळी नळीतल्या पाण्यात औषधाचे थेंब मोजत अल्कलिनिटी, म्हणजे पाण्याची क्षारता, बघतो, कमी भरली तर पावडर विरघळवून हळूहळू सोडतो. मीटर बुडवून पीएच बघतो. शेजारच्या बनाबाई विचारतात, "नळाला किस्नंचं गोड पाणी येत असताना त्यात मीठ कालवून नासवतोस कशाला रं?" मी मीठ ढवळत राहतो.

आता रविवारचं. कोरेगावहून मुलीकडची चौदा माणसं आमचं घर बघायला आली. मुलगी, स्वप्नाली, तीही आली होती. (मी तिला एकदाच पाहिलं, तेही टाकीच्या काचेत.) पाहुण्यांना गार वाटावं म्हणून आईने सोप्याच्या खिडक्या लावून एसी सुरू केला. बंद खोलीत माणसांचा श्वास साठला की तो पाण्यात उतरतो आणि पीएच पडतो, हे तुम्हीच शिकवलेलं. पोहे फिरेपर्यंत मीटरवर आठ पॉइंट दोनच्या जागी सात पॉइंट सात! त्यात मुलीचे चुलते तानाजीराव टाकीला अगदी खेटून बसलेले. फौजेतून निवृत्त, छाती भरून श्वास घेणारे. ते माझ्या कामधंद्याचं विचारत होते आणि मी त्यांच्या नाकाकडे बघत होतो. शेवटी तोंडून गेलंच, "मामा, श्वास जरा अंगणात जाऊन घेता का?"

त्यावर खोलीत कोणीच श्वास घेईना. (याने पीएच सुधारला नाही.)

तानाजीराव उठले आणि आईला म्हणाले, "आवं वहिनी, आमी पोरगी द्यायची म्हणतोय, आन् तुमचं पोरगं आमचा श्वास मोजतंय व्हय? चला रं, गाडी काढा!" चहा तसाच राहिला. तेव्हापासून आई माझ्याशी बोलत नाही. ताट ठेवते आणि गोठ्यात जाऊन म्हशीशी बोलते. "टाकीपायी चांगलं स्थळ गेलं, जावई रजेवर आलं की घिऊन जा म्हणावं," हेही म्हशीलाच सांगितलं. दमलो आहे, दाजी. थेंब मोजताना आकडा चुकतो.

आपला,
विश्वजित

ता. क. काल स्वप्नालीचा फोन आला. वाटलं, रागावणार. ती म्हणाली, "आमी गेल्यावर पाणी सुधारलं का? किती आलं?" दाजी, हे मला आजवर कोणीच विचारलं नव्हतं. पीएच अजून तेवढाच आहे म्हटल्यावर म्हणाली, "मग काकांच्या श्वासाला कशाला नावं ठेवता? आधी मीटर बघा की!" पुढच्या वेळी टाकी नीट बघायची आहे, असंही म्हणाली. पुढच्या वेळी! तेव्हा रजेवर याल तेव्हा टाकी नेऊ नका. आईने काहीही सांगितलं तरी नेऊ नका.

ता. क. २. मीटर तपासला. तो अर्धा अंक कमी दाखवतो. पाहुणे येणार म्हणून आईने रविवारी सकाळी त्याचं टोक भांड्यांच्या पावडरीने लख्ख घासलं होतं. म्हणजे पाणी ठणठणीत होतं. तानाजीरावांची माफी मी कोरेगावला जाऊन, मोकळ्या अंगणात मागेन. मीटर कोणी घासला, हे मात्र स्वप्नालीला सांगितलेलं नाही. तिला त्याच सासूबरोबर राहायचं आहे.